कंडोम फाटला, सुई टोचली, जबरदस्ती झाली: ७२ तासांत सुरू करायच्या एचआयव्हीच्या गोळीबद्दल (कोल्हापूर)

औषधवाला राजारामपुरी

डेंगीवर धागे आहेत, रक्तदानावर आहेत, या विषयावर शोधून एकही सापडला नाही, म्हणून काढतोय. राजारामपुरीत माझं मेडिकल आहे. अधूनमधून एखादा पोरगा येतो, डोकेदुखीची गोळी घेतो आणि पैसे दिले तरी हलत नाही. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर बाहेर गाडीपाशी मोबाईल बघत थांबतो. सगळे गेले की आत येऊन हळूच विचारतो, "एचआयव्ही होऊ नये म्हणून काय गोळी असते का? मित्राला पायजे."

मी एकच विचारतो, किती तास झाले? नाव नको, कुणाबरोबर ते नको, मित्र की तू हेही नको. फक्त तास. आणि फार वेळा उत्तर येतं, "आठवडा झाला असंल." तिथं गोळीचा उपयोग संपलेला असतो.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एचआयव्हीचा विषाणू अंगात गेला असण्याची शक्यता असेल, म्हणजे असुरक्षित संबंध, फाटलेला कंडोम, दुसऱ्याने वापरलेली सुई, किंवा बलात्कार, तर लागण रोखण्यासाठी औषध मिळतं. डॉक्टर त्याला 'पेप' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम असं तिन्ही एकत्र असलेली एक गोळी देतात. रोज एक, २८ दिवस. पहिली गोळी जितक्या लवकर पोटात जाईल तितकं चांगलं, शक्य झालं तर पहिल्या दोन तासांत. आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत.

७२ तास ऐकायला भरपूर वाटतात. हिशोब करून बघा. शनिवारी रात्री अकराला प्रसंग घडला. रविवारी ओपीडी बंद. सोमवारी कामावर खाडा नको म्हणून गेला. मंगळवारी सकाळी धीर गोळा केला, एका डॉक्टरांनी दुसरीकडे पाठवलं, तिथं रांग. मंगळवारी रात्री अकराला मुदत संपली. यात कुणी मुद्दाम आळस केलेला नाही, तरी वेळ गेला.

म्हणून ओपीडीची वाट बघू नका. रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी सरळ कॅज्युअल्टी गाठा. कोल्हापुरात दसरा चौकाजवळचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आपल्या सगळ्यांना माहीत आहे. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पेपची औषधं तातडीच्या विभागात चोवीस तास असायला हवीत, त्यामुळे मागायला लाजू नका. तिथं मिळाली नाही तर कुठल्याही एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, औषध खाजगी मेडिकलमध्ये येतं. सगळेच ठेवत नाहीत, तेव्हा आधी फोन करून विचारा. चिठ्ठीशिवाय मी देत नाही आणि कुणी देऊही नये. किडनी आणि कावीळ बी बघितल्याशिवाय महिनाभर हे औषध चालवणं बरोबर नाही. फक्त रिपोर्टसाठी पहिली गोळी अडवायची नसते. रक्त द्यायचं, गोळी घ्यायची, रिपोर्ट मागाहून.

फोनवर बोलायचं असेल तर १०९७, राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन, मोफत आहे.

पेठकरी

लई चांगला धागा काढलासा. माझ्या एका दोस्तानं दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये तपासणी केली, निगेटिव्ह आली. मग मिटलं की? गोळी कशाला खायची?

डॉक्टर इचलकरंजी

पेठकरी, मिटलं नाही. दुसऱ्या दिवशीची तपासणी त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. त्या रात्रीच्या आधी तुमच्या दोस्ताला एचआयव्ही नव्हता, एवढंच ती सांगते. लागण झाली तरी तपासणीत दिसायला काही आठवडे लागतात. निगेटिव्ह रिपोर्ट खिशात घालून निश्चिंत झालेली आणि मुदत हुकलेली माणसं मी बघितली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विषाणू आत गेल्यावर लगेच रक्तभर पसरत नाही. आधी तो त्वचेखालच्या किंवा आतल्या नाजूक अस्तरातल्या पेशींत असतो. तिथून एक-दोन दिवसांत जवळच्या लसिका गाठींपर्यंत पोचतो आणि त्यानंतर रक्तात. पेशीच्या गाभ्यात घुसून आपली जनुकं तिथल्या जनुकांत शिवून टाकली, की पुढे औषधाने तो दबतो, जात नाही. पेप चालतं ते हे शिवणकाम होण्याआधीच्या फटीत. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन विषाणूला आपली नक्कल बनवू देत नाहीत, डोल्युटेग्राविर ती शिवण घालू देत नाही.

७२ आणि २८ हे आकडे कुठून आले असं मला रुग्ण विचारतात. १९९८ साली माकडांवर झालेला एक प्रयोग त्यासाठी महत्त्वाचा आहे. एचआयव्हीच्या भावंडासारखा असलेला विषाणू माकडांना टोचला आणि नंतर टेनोफोविर दिलं. २४ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस दिलेली माकडं वाचली. उशिरा सुरू केलेल्यांत किंवा थोडेच दिवस दिलेल्यांत संरक्षण घटत गेलं. चिठ्ठ्या टाकून काही माणसांना औषध द्यायचं आणि काहींना नाही, असा प्रयोग करता येत नाही, ते अनैतिक ठरेल. पण सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात नुसतं झिडोव्हुडिन हे एकच जुनं औषध घेतलेल्यांत लागणीची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळली. आजची तीन औषधांची गोळी त्यापेक्षा सोसायला खूप सोपी आहे.

म्हणजे ७१व्या तासापर्यंत पूर्ण संरक्षण आणि ७३व्याला शून्य, असं नाही. प्रत्येक तासाला थोडं थोडं निसटत असतं. समोरच्याची तपासणी होऊ दे, मग बघू, असंही करू नका. गोळी सुरू करा. समोरची व्यक्ती खात्रीने निगेटिव्ह निघाली तर डॉक्टर ती मध्येच थांबवतील, काही बिघडत नाही.

नाव नको

मी घेतली आहे. पूर्ण कोर्स. इथं पहिल्यांदाच लिहितोय.

गोळ्यांपेक्षा पहिली रात्र अवघड गेली. ज्या दवाखान्यात गेलो त्याचं नाव घेत नाही. केसपेपर काढताना खिडकीवरच्या माणसानं मोठ्यानं विचारलं, "काय होतंय?" मागं रांग उभी. मी "अॅसिडिटी" म्हणालो. आत डॉक्टरांना खरं सांगितलं तर त्यांनी आधी लग्न झालंय का विचारलं, मग पाच मिनिटं संस्कारांवर बोलले, आणि सकाळी या म्हणाले. मी बाहेर येऊन १०९७ ला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी काहीही न विचारता आधी तास विचारले, जसं धागाकर्त्यांनी लिहिलंय तसंच, आणि दुसरीकडे जायला सांगितलं. तिथं एका तरुण डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि समोरच पहिली गोळी दिली. त्यांचं ऋण मी विसरणार नाही.

सवय होईपर्यंत मळमळ होती, जेवणानंतर घेतल्यावर कमी झाली. झोप विचित्र लागायची, डॉक्टरांनी गोळी सकाळी घ्यायला सांगितल्यावर ती सुधारली. औषध प्लास्टिकच्या बाटलीत येतं, हलवली की खुळखुळ वाजते. घरात कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी आत कापूस भरून ठेवला होता. चुलत भावाच्या लग्नाला गेलो तेव्हा बाटली नेता येईना, म्हणून लागतील तेवढ्याच गोळ्या कागदात गुंडाळून पाकिटात ठेवल्या. कुणी असं चोरून घेत असेल तर मोबाईलला रोज एकाच वेळेचा गजर लावा. दोन आठवड्यांनी माणसाला वाटायला लागतं की आता काही होत नाही, सोडून देऊ. तिथंच सोडू नका.

शिरोलीकर

सगळ्यांच्या भावना समजतात, पण एक शंका राहवत नाही. आधी नको ते करायचं आणि मग गोळी खायची, हे पोरांना शिकवल्यासारखं होत नाही का? शिरोली एमआयडीसीत माझ्या हाताखाली वीस-बावीसची पोरं आहेत, बाहेरगावची, खोल्या करून राहतात. त्यांच्या हातात हा धागा पडला तर काय अर्थ काढतील?

जुनी समुपदेशक

शिरोलीकर दादा, तुम्ही पोरांच्या काळजीनं विचारलंत, म्हणून मनापासून सांगते. माझी सगळी नोकरी एचआयव्हीच्या समुपदेशनातच झाली. ज्याला महिनाभर रोज गोळी घ्यावी लागली, तीन-तीनदा रक्त द्यावं लागलं, आणि प्रत्येक रिपोर्टआधी ज्याची झोप उडाली, तो माणूस हा अनुभव पुन्हा मागत नाही. उलट त्या निमित्तानं तो पहिल्यांदा आमच्यासमोर बसतो आणि कंडोमबद्दल नीट ऐकून घेतो. इतर वेळी तो आमच्या दारात येतच नाही. तुमच्या पोरांच्या हातात हा धागा खुशाल पडू दे. कंपनीच्या फलकावर १०९७ लिहिलंत तर त्याहून चांगलं.

आणि ही गोळी फक्त "नको ते" करणाऱ्यांची नाही. माझ्यासमोर बसलेल्यांत नवऱ्याला एचआयव्ही असलेली आणि कंडोम फाटलेली बायको होती. कचरा वेचताना पायात सुई घुसलेली मुलगी होती. बलात्कार झालेल्या बाया होत्या, आणि त्यातल्या कितीतरी जणी चौथ्या-पाचव्या दिवशी आल्या, कारण घरचे आधी अब्रूचा विचार करत बसले होते. त्यांच्याबद्दल मला आजही बोलवत नाही.

इथं कुणी वाचत असेल तर हे पक्कं डोक्यात ठेवा. बलात्काराची पीडिता कुठल्याही रुग्णालयात गेली, सरकारी असो वा खाजगी, तर तिला ताबडतोब आणि मोफत उपचार द्यायला ते कायद्यानं बांधील आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ वाचा. उपचार नाकारणं हा गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण तक्रार नोंदवली नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. एचआयव्हीच्या गोळीबरोबर गर्भधारणा टाळणारी गोळी आणि इतर गुप्तरोगांवरची औषधंही तिथं मिळायला हवीत, नाही दिली तर मागा. अंघोळ, कपडे बदलणं होऊन गेलं असेल तरी जा. महिला हेल्पलाइन १८१ आहे.

"नाव नको" यांना मोठ्यानं विचारणाऱ्या खिडकीबद्दलही बोलते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, आणि तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय बाहेर सांगता येत नाही. खिडकीवर "डॉक्टरांशी खाजगी बोलायचंय" एवढं म्हणा, पुरे.

शिरोलीकर

ताई, पटलं. फलकावर नंबर लावतो.

गडहिंग्लजकर

मध्येच विचारतोय, माफ करा. माझा पुतण्या परवा जोतिबाच्या यात्रेत हातावर गोंदवून आला. एकाच सुईनं पाच-सहा जणांना गोंदलं म्हणे. ४८ तास होत आलेत. त्याला गोळी सुरू करायची का? घरात रडारड चाललीय.

डॉक्टर इचलकरंजी

गडहिंग्लजकर, आधी रडारड थांबवा. गोंदणातून एचआयव्ही होण्याची शक्यता अत्यंत कमी असते. मला जास्त काळजी कावीळ बी आणि सीची वाटते. कावीळ बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो, एचआयव्ही वाळलेल्या रक्तात लवकर निकामी होत जातो. पोराला बीची लस झालीय का बघा, नसेल तर आजच पहिला डोस द्या, धनुर्वाताचंही इंजेक्शन बघा. पेप द्यायचं की नाही हे त्याला तपासून तिथले डॉक्टर ठरवतील, पण ते विचारायला आजच जा. ४८ तास झालेत म्हणताय, तेव्हा उद्यावर ढकलू नका.

बाकीच्यांसाठी धोक्याचा अंदाज देतो, कारण भीती आणि बेफिकिरी दोन्ही चुकीच्या जागी बसलेली दिसतात. समोरच्याला एचआयव्ही आहे आणि तो औषध घेत नाही असं धरलं, तर १०,००० प्रसंगांमागे लागणीचा अंदाज असा आहे: गुदसंभोग करून घेणाऱ्याला १३८, वापरलेली सुई वाटून घेणाऱ्याला ६३, सुई टोचली तर २३, गुदसंभोग करणाऱ्याला ११, योनिसंभोगात स्त्रीला ८ आणि पुरुषाला ४. अंगावर जखम असेल, दुसरा गुप्तरोग असेल, किंवा जबरदस्ती झाली असेल तर तो वाढतो. चुंबन, एका ताटात जेवण, डास, सार्वजनिक संडास यांतून एचआयव्ही पसरत नाही, त्यासाठी पेप घेऊ नका. आठ म्हणजे कमीच की, असं मात्र कुणी म्हणू नये. ज्या बाईला होतो तिला तो पूर्णच होतो.

सुई टोचली तर जखम साबण-पाण्यानं धुवा, बस. दाबून रक्त काढणं, तोंडानं चोखणं, ब्लीच किंवा स्पिरिट ओतणं यातलं काही करू नका.

पन्हाळ्याकडचा

मी स्वतः एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, बरीच वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या रोजच्या औषधावर आहे. बायको निगेटिव्ह आहे, दोन्ही मुलं निगेटिव्ह. वरच्या आकड्यांत डॉक्टरांनी "औषध घेत नाही असं धरलं तर" असं लिहिलंय, ते लोकांनी पुन्हा वाचावं. नियमित औषध घेऊन ज्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, इतका खाली गेलाय की तपासणीत सापडत नाही, त्याच्याकडून संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मोठ्या अभ्यासांत सिद्ध झालंय. माझा लोड दबलेला आहे, म्हणून कंडोम फाटला त्या रात्री आम्ही घाबरलो नाही. सकाळी एआरटी सेंटरवर फोन केला, त्यांनी शेवटचा रिपोर्ट बघून बायकोला पेपची गरज नाही सांगितलं. पण ज्यांचं औषध नुकतंच सुरू झालंय किंवा मध्येच सुटलंय, त्यांनी असं गृहीत धरू नये. त्यांच्या जोडीदारानं त्याच दिवशी जावं.

आणि एक विनंती. या धाग्यावर "त्याला एचआयव्ही असेल तर?" हा प्रश्न येणारच. तो विचारताना पलीकडं आमच्यासारखी माणसं वाचत असतात, एवढं लक्षात असू द्या.

पेठकरी

भाऊ, मनापासून नमस्कार. तुमच्यामुळं आज नवीन कळलं.

औषधवाले, माझ्या मावसभावाला शुगर आहे, पित्ताचं औषधही रोज चालू असतं. अशा माणसाला ही गोळी चालते का? सहज विचारतोय.

औषधवाला राजारामपुरी

चालते, पण डॉक्टरांना दोन्ही सांगायचं. शुगरच्या मेटफॉर्मिनचं प्रमाण डोल्युटेग्राविरमुळं रक्तात वाढतं. मेटफॉर्मिन दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर असेल तर डॉक्टर डोस कमी करतात. स्वतः करू नका. पित्ताचं औषध म्हणजे गुलाबी-पांढरं पातळ औषध किंवा चघळायची गोळी असेल, तर त्यातल्या अॅल्युमिनियम-मॅग्नेशियममुळं डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर आपली गोळी घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, पण त्या जेवणाबरोबर एकत्र घेतल्या तर चालतात. काउंटरवर अशा गोष्टी मी स्वतःहून विचारतो, कारण कॅल्शियमची गोळी हे औषध आहे असं लोकांना वाटतच नाही. टीबीचं औषध चालू असेल तर तेही सांगायलाच हवं, रिफॅम्पिसिनबरोबर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं.

कावीळ बी असलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. या गोळीतली दोन औषधं कावीळ बीवरही काम करतात. २८ दिवसांनी एकदम बंद केली की यकृताला सूज येऊ शकते. म्हणून ती तपासणी सुरुवातीलाच. बाटलीत ३० गोळ्या असतात, उरलेल्या दोन "पुढच्या वेळेला" म्हणून कपाटात ठेवू नका आणि मित्राला देऊ नका. दोन गोळ्यांनी काही होत नाही, मित्राला मात्र औषध घेतल्याचा भास होतो.

रात्रपाळी

असा प्रसंग वारंवार येत असेल तर? दर वेळी २८ दिवस?

डॉक्टर इचलकरंजी

मग पेप हा तुमचा मार्ग नाही, 'प्रेप' आहे. त्यात संबंधांच्या आधीपासून औषध घ्यायचं असतं, सहसा टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिनची रोज एक गोळी. त्याआधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री आणि किडनीची तपासणी लागते. पेप चालू असतानाच डॉक्टरांशी बोललात तर मध्ये खंड न पडता प्रेप सुरू करता येतं. लाजू नका, हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतःची आणि जोडीदाराची काळजीच घेत असतो.

नाव नको

कोर्स संपल्यावर तपासण्या कधी करायच्या हेही कुणी लिहा. मला एकानं सांगितलं, गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्त दे, फुकटात तपासून होतं.

जुनी समुपदेशक

ते अजिबात करू नका, आणि ज्यानं सांगितलं त्यालाही सांगा. लागण ताजी असेल तर शिबिरातल्या तपासणीत ती सुटू शकते आणि ते रक्त कुणाच्या तरी अंगात जातं, एखाद्या बाळंतिणीच्या किंवा अपघातातल्या पोराच्या. शेवटची तपासणी निगेटिव्ह येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत रक्तदान नको, आणि कंडोमशिवाय संबंध नकोत.

आपल्याकडच्या सूचनांप्रमाणे सुरुवातीची एक तपासणी, मग ६ आठवड्यांनी, ३ महिन्यांनी आणि ६ महिन्यांनी. मधल्या काळात ताप, अंगावर पुरळ, गाठी आल्या तर तारखेची वाट न बघता दाखवा. सीपीआरमधल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात, रिपोर्ट तुमच्याच हातात देतात. तारखा लिहून हव्या असतील तर समुपदेशकाला सांगा, कार्डावर लिहून देतील.